दरीच्या बाजूची साखळी

मालगाड्या बघायचा नाद बाईमाणसाला शोभत नाही, हे आमच्या घरात ज्याने त्याने मला एकदा तरी सांगून बघितलंय. आमचे हे तर लग्नानंतर लगेचच म्हणाले होते, दुसऱ्यांच्या बायका दुकानांच्या काचांना चिकटतात, माझी रेल्वेच्या कुंपणाला. मी म्हटलं, कुंपण काही विकत मागत नाही, गप्प बसा. बसले बिचारे गप्प.

पण नाद लावला तो त्यांच्याच धाकट्या भावाने. माझे दीर, भावोजी, घाटात इंजिन चालवायचे. चढावर जड गाडीला पुढचं इंजिन पुरत नाही, म्हणून मागून ढकलायला आणखी इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. भावोजी बँकरवर. सगळा जन्म दुसऱ्याच्या गाडीला मागून ढकलण्यात गेला, आणि पुढच्याने एकदा मागे वळून बघितलं नाही, असं तेच सांगायचे आणि तेच हसायचे.

मी दात बनवते. डॉक्टर पेशंटच्या तोंडातलं माप घेतात, त्यावरून मी प्लास्टरचा जबडा ओतते, मेणात दात मांडते, मग पक्की कवळी. दोन खोल्यांचा कारखाना, वरच्या मजल्यावर, सगळीकडे पांढरी भुकटी. पेशंट माझ्याकडे सहसा येत नाही, त्यामुळे गावातली निम्मी माणसं मला चेहऱ्याने नाही, हिरड्यांवरून ठाऊक आहेत. मागची खिडकी थेट रुळांवर उघडते. भावोजींचं इंजिन खालून गेलं की दोन तोकडे हॉर्न वाजायचे. परत येताना चहाला येतो, एवढाच त्याचा अर्थ. नियमात ते बसत नव्हतं, पण घाटात हॉर्नचा हिशेब कोण ठेवतोय!

खिडकीवर माझं भागलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण खिडकीतून गाडीचा तुकडा दिसतो, आणि मला अख्खी गाडी लागते. अख्खी गाडी दिसते ती वरच्या वळणावर. तिथे रूळ डोंगराला वळसा घालतात आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळं एका नजरेत मावतं. सिमेंटच्या टाक्या, लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या, कोळसा, नव्या मोटारी. कुठली गाडी किती दमलीय हे मला चाकांच्या आवाजावरून कळायचं. यात काय आनंद, असं विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही, कारण त्याला कळायचं असतं तर त्याने विचारलं नसतं.

वळणाच्या खाली थोड्या अंतरावर एक फाटा आहे, डोंगरात वर चढत जाऊन तिथेच संपणारा. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती भरकटण्याऐवजी त्या चढावर जाऊन थांबावी, यासाठी तो. म्हणून गाडीची वाट बदलणारे रुळांचे सांधे कायम फाट्याकडेच लावलेले असतात. उतरणारी प्रत्येक गाडी तिथे थांबतेच थांबते. थांबली म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झालं. मग चालक लांब हॉर्न देतो, तिथल्या सिग्नलच्या केबिनमधला केबिनवाला सांधे बदलतो, आणि गाडी पुढच्या बोगद्यात शिरून गावाकडे उतरते. केबिन डोंगराच्या बाजूला आहे, दरीच्या बाजूला फक्त नाली आणि कठडा. हे मी एवढं खुलवून सांगतेय कारण मला हे सगळं पाठ होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

त्या पट्ट्यात एक ट्रॅकमन रोज पायी हिंडायचा. केशरी जाकीट, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, रूळ जागी धरून ठेवणाऱ्या प्रत्येक चावीवर ठोका मारत जाणार. पहिल्यांदा मी वळणावर दिसले तेव्हा त्याने मला हाकललं नाही. बुटाच्या टाचेने खडीबाहेर मातीत एक रेघ ओढली आणि म्हणाला, बाई, या रेघेच्या मागे. गाडी रुळावरून जाते, पण तिच्या बाहेर काय लोंबत असेल ते सांगता येत नाही. मी वर्षानुवर्षं त्या रेघेमागे उभी राहिले. रेघ पुसली गेली की तो पुन्हा ओढायचा. एकदा वळणापाशी दरड सुटून मोठा धोंडा रुळाजवळ येऊन पडला होता. मी बोंबलत त्याच्याकडे पळाले. त्याने धोंडा हटवायचं काम उरकलं आणि मग मला केबिनचा फोन नंबर दिला. पुढच्या वेळी पळू नका, म्हणाला, या वयात पाय मोडून घ्याल, आणि मग तुम्हालाच उचलून न्यावं लागेल.

आमचा गाडीवेड्यांचा एक छोटा कंपू होता. फोनवर एकमेकांना फोटो पाठवायचे, कुठलं इंजिन कुठे दिसलं त्यावरून तावातावाने भांडायचं. नियम एकच होता. लष्कराची गाडी दिसली की कॅमेरा खाली आणि तोंड बंद. हा नियम सगळ्यांत मोठ्याने सांगणारी मीच. एका पोराने एकदा ताडपत्रीखालच्या तोफांचा फोटो टाकला तर मी त्याचा असा पाणउतारा केला की तो कंपूतूनच निघून गेला. लोकांना शिकवायची मला भारी हौस.

मग एका सकाळी रेल्वेच्या पोलिसांनी कंपूतल्या आम्हा तिघांना वळणावरून उचललं. तिथून त्या दिवशी सिमेंट जात होतं, पण त्यांना वरून हुकूम होता. स्टेशनात बसवून ठेवलं. दुपारी भावोजी आले, ड्यूटीच्या कपड्यांत, हात काळे. स्टेशनमास्तरसमोर उभे राहून म्हणाले, ही माझी वहिनी आहे, पुन्हा त्या वळणावर दिसणार नाही, जबाबदारी माझी. स्टेशनमास्तरने बजावलं, दिसल्या तर आम्ही तुम्हाला विचारू, त्यांना नाही. भावोजींनी मान हलवली.  घरी आल्यावर दारात चपला काढताना म्हणाले, "खिडकी आहे ना वहिनी. खिडकी पुरे आता."

काही दिवस पुरली. मग एका संध्याकाळी चहा पिता पिता, कपात बघत, ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले की उद्या दुपारी कारखान्यातच राहा, वर फिरकू नका. बस, एवढंच. साधी मालगाडी असती तर त्यांनी हे सांगितलं नसतं, म्हणजे लष्कराचीच. मला थोपवायला म्हणून ते बोलले, आणि तेच माझं वेळापत्रक झालं. त्यांच्या जागी मी असते तर मीही असंच बोलले असते, आणि त्यांच्या मनातही आलं नसेल की मी त्याचं काय करेन.

मी गेले. बघायला गेले, फोटो काढायला नाही, असं स्वतःला बजावत गेले, आणि कॅमेऱ्याचा चांगला फोन पूर्ण चार्ज करून गेले. आता काय म्हणावं अशा बाईला!

गाडी आली तेव्हा दुपार स्वच्छ होती. पुढे इंजिनं, मग सपाट वॅगनवर हिरव्या ताडपत्र्यांत गुंडाळलेली अवजड वाहनं, मध्ये जवानांचा डबा, पुन्हा वाहनं. वळणावर ती सगळीच्या सगळी वाकली आणि तिच्यावर तिरपं ऊन पडलं. इतकी सुंदर गाडी मी आजवर बघितलेली नव्हती. मी फोन वर केला. एक काढला, दुसरा, मग किती काढले कुणास ठाऊक. तेव्हा मला ठिणग्या दिसल्या. मागच्या बाजूच्या एका वॅगनवर वाहन आवळून बांधलेली साखळी सुटली होती आणि दरीच्या बाजूला लोंबत होती. खडीवर आपटून उसळायची, पुन्हा आपटायची. आणि मी काय केलं? मी ठिणग्यांचा फोटो काढला.

गाडी पुढे गेली आणि फाट्यावर थांबली. तिचं शेपूट मला वळणावरून दिसत होतं. फोन हातात होता, केबिनचा नंबर फोनमध्ये होता. एक फोन केला असता तर केबिनवाला खाली उतरून पलीकडे गेला असता, जवानांना हाक मारली असती, त्यांनी साखळी आवळली असती. पण तो पहिल्यांदा विचारणार, कोण बोलतंय? मग विचारणार, तुम्ही कुठे उभ्या आहात? मी अंगठा नंबरावर नेला आणि तिथेच ठेवला. गार्डला दिसेल, म्हटलं. केबिनवाल्याला दिसेल, म्हटलं. केबिन डोंगराच्या बाजूला आणि साखळी दरीच्या बाजूला, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. लांब हॉर्न झाला, गाडी हलली आणि बोगद्यात शिरली. मी सुटल्यासारखी झाले. पायवाटेने खाली येता येता मी फोटो बघत होते आणि मनात म्हणत होते, बाई, काय जमलाय!

संध्याकाळी भावोजी आले. आमचे हे भाजी चिरत होते, मी टेबल पुसत होते. भावोजींनी सांगितलं की बोगद्याच्या तोंडाशी ट्रॅकमनला लागलं. गाडी येताना तो नेहमीप्रमाणे नालीत उतरून उभा होता. कशाने लागलं कळत नाही, जबडा फुटलाय, दात गेलेत, जीव वाचला म्हणायचा. मी विचारलं, कुठल्या बाजूची नाली? भावोजींनी माझ्याकडे बघितलं. 

"दरीच्या बाजूची," ते म्हणाले.

 मी खुर्चीत बसले आणि फोन काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी फोटो मोठा केला, साखळीवर बोट ठेवलं, मग आणखी मोठा केला. आमच्या ह्यांना काही उमगेना, ते सुरी हातात घेऊन आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. भावोजी म्हणाले, मी घरी राहा म्हटलं होतं ना? मी म्हटलं, म्हणून तर कळलं. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मला तो अजून समोर दिसतो. राग असता तर बरं झालं असतं. ते स्वतःवरच चडफडत होते.

आमच्या ह्यांनी ताबडतोब निकाल दिला, फोटो पुसून टाक. ट्रॅकमन बरा होईल, पण धाकट्याची नोकरी गेली तर त्याच्या लेकीच्या शिक्षणाचं काय? तू तिथे होतीस हे कळलं की त्याची हमी गेली. गाडीची बातमी फोडली म्हणून वर आणखी काही लावतील. ह्यांचं बोलणं बरोबरच होतं, आणि मला त्याचाच आधार वाटला, ही माझी लाज. मी फोटो पुसला नाही. पण कुणाला दाखवलाही नाही. मूग गिळून बसले.

चौकशी लागली. लष्कराच्या माणसांनी सांगितलं की मुक्कामाला गाडी पोचली तेव्हा सगळ्या साखळ्या जागच्या जागी होत्या. असतीलही. वाटेत कुठे तरी कुणा जवानाला दिसली असेल आणि त्याने आवळली असेल, त्याला काय माहीत मागे काय झालं. केबिनवाल्याने काही बघितलं नव्हतं, गार्डने नाही. उरला एकटा ट्रॅकमन, आणि त्याचं तोंड बांधलेलं. तेव्हा कच्चं मत असं पडलं की तो गाडीच्या फार जवळ उभा राहिला, चूक त्याची. पक्कं व्हायचं बाकी होतं, तो बोलण्यासारखा झाला की. पक्कं झालं तर त्याला लाईनवरून काढणार. ज्या माणसाने मला मातीत रेघ ओढून दिली होती, त्याच्या नावावर हे लिहिणार होते. भावोजींनी हे सांगितलं तेव्हा मी भांडी जोरजोराने घासत होते. ते गेल्यावरही घासत राहिले.

मग एके दिवशी डॉक्टरांकडून मापांचा डबा आला. माप ओतायचं, प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघायची, साचा सोडवायचा, हे हात आपोआप करतात. साचा सुटला. खालच्या जबड्याचे पुढचे दात नाहीत, डाव्या बाजूचे नाहीत, आणि हिरडीची कड वेडीवाकडी भरून आलेली. वयाने गेलेल्या दातांची जागा गुळगुळीत असते. ही मार लागून फुटलेली जागा होती. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, अपघात, रेल्वे, लवकर हवं. मी तो जबडा हातात घेतला आणि खाली ठेवला. पुन्हा घेतला. हे काम दुसऱ्या कुणाला द्या असं डॉक्टरांना सांगायला मी फोन उचलला, आणि कारण काय सांगायचं ते सुचेना म्हणून खाली ठेवला. फोन उचलून खाली ठेवण्यात मी आता तरबेज झाले होते.

दातांचा रंग जुळवायचा असला की डॉक्टर पेशंटला माझ्याकडे पाठवतात. तो आला. बारीक झालेला, गळपट्टी तोंडावर ओढलेली. मला बघून डोळ्यांनी हसला. अरे, वळणावरच्या बाई, म्हणाला, शब्द पोकळ येत होते. तुमचं हे काम आहे होय, आम्हाला वाटायचं तुम्हाला काहीच काम नाही. मी खिडकीशी बसवून त्याच्या वरच्या दातांशी रंगाची पट्टी धरली. चहा पिऊन पिऊन पिवळट झालेले दात, त्यात नेमका रंग सापडायला वेळ लागतो. मी मुद्दाम वेळ लावला, कारण पट्टी त्याच्या तोंडात असेपर्यंत तो बोलू शकत नव्हता.

पट्टी काढल्यावर तो बोलला. "बाई, मी रेघेच्या मागेच होतो. पहिल्यापासून हेच सांगतोय सगळ्यांना. पण इतकी मोठी माणसं म्हणतात की तू पुढे गेलास, तर आता मलाच वाटायला लागलंय, गेलो असेन. रात्री डोळे मिटले की मी पुढे जाताना दिसतो. लोकांना शिकवत हिंडलो जन्मभर, आणि स्वतः पुढे गेलो."

मी रंगाचा आकडा लिहून घेतला. दोन आठवडे लागतील म्हटलं. तो जिना उतरून गेला आणि मी दाराला आतून कडी घातली. त्याचा जबडा मी मोडला नव्हता, असं मी स्वतःला समजावत आले होते; साखळीने मोडला. पण जो माणूस आपल्या रेघेबद्दल एवढा पक्का होता त्याच्या मनातली रेघ पुसली जात होती, आणि ते मी करत होते, रोज, गप्प बसून.

तरी मी बोलले नाही. दात मात्र केले. एवढे जीव ओतून मी कुणाचे दात केले नसतील. वरच्या एका दाताला जुना टवका होता, तर खालच्यालाही तसा अगदी हलका झिजलेपणा दिला, की हसला तर नवे वाटू नयेत. आमचे हे म्हणाले, एवढं कुणाचं काम चाललंय? मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं.

डॉक्टरांनी दात बसवले आणि त्याला परत माझ्याकडे पाठवलं, दात धरून ठेवणारी एक तार टोचत होती. मी ती घासून दिली. त्याने दात घातले, आरशात बघितलं, जबडा हलवून बघितला. मग आपलं नाव म्हणून बघितलं. मग गावाचं. मग केबिनला कळवायचं वाक्य, रूळ मोकळा आहे, खणखणीत. आणि हसला. पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलंय, म्हणाला. कबूल करून टाकतो, पुढे गेलो होतो म्हणून, निदान नीट तोंडाने तरी कबूल करता येईल. मग त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. तुमच्या हातांनी माणसात आणलं बाई मला, असं म्हणाला.

ते मला सोसवेना. मी हात सोडवून घेतले.

"तुम्ही पुढे गेला नव्हता," मी म्हटलं. "साखळी लोंबत होती. मी बघितली. माझ्याकडे फोटो आहे."

मी फोन उघडून दिला. त्याने फोटो बघितला. फार शांतपणे बघितला, रूळ बघावा तसा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्या खांद्यांवरून काही तरी उतरलं ते मला दिसलं. आणि मग दुसरंच काही तरी त्याच्या तोंडावर यायला लागलं, तेही दिसलं.

"हा वळणावरचा आहे," तो म्हणाला. "नंतर गाडी फाट्यावर थांबली असेल."

"थांबली होती."

"केबिनचा नंबर होता तुमच्याकडे."

"होता. तुम्हीच दिला होता."

त्याने मान हलवली. बोटं तोंडात घालून दात काढले, खिशातल्या रुमालाने पुसले आणि माझ्या कामाच्या टेबलावर, प्लास्टरच्या भुकटीत ठेवले. नीट ठेवले, आपटले नाहीत. गळपट्टी तोंडावर ओढली आणि जिना उतरून गेला. मी वाट बघत होते की तो काही तरी बोलेल, शिवी देईल, मी तीही घेतली असती.

त्या संध्याकाळी मी भावोजींच्या घरी गेले. फोटो साहेबांना देणार आहे म्हटलं, आणि तुमचं नाव येऊ देणार नाही. मी वाट चुकून तिथे गेले असं सांगेन. भावोजी म्हणाले,

"खोटं बोलू नका, वहिनी. एक गोष्ट खोटी निघाली तर फोटोही खोटा ठरवतील, आणि मग त्याचंही गेलं आणि माझंही. मी सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं, तसंच सांगा."

मी तसंच सांगितलं. टेबलापलीकडे तीन साहेब होते, त्यांनी फोटो पडद्यावर मोठा केला आणि मला तेच ते पुन्हा पुन्हा विचारलं. फोन का केला नाही, हे एकानेच विचारलं, तेही जाता जाता, कारण त्यांच्या दृष्टीने ते महत्त्वाचं नव्हतं. त्यांना बातमी कशी फुटली ते हवं होतं. ट्रॅकमनवरचा ठपका निघाला. तो कामावर परतला, हातोडा घेऊन, माझ्या खिडकीखालून जातो, वर बघत नाही. भावोजींना इंजिनावरून उतरवलं आणि यार्डात सामानाच्या खोलीत बसवलं. ते आमच्याकडे येतात, सणावाराला नाही तर असेच, सगळ्यांशी बोलतात. मला वहिनी म्हणतात. चहा मात्र आता घरून पिऊन येतात. आमचे हे काही म्हणत नाहीत. आयुष्यभर मी ज्यांना गप्प बसा म्हणत आले, ते आता खरोखरच गप्प बसतात.

दात मी डबीत पाण्यात ठेवले. कोरडे पडले की त्यांचा आकार बिघडतो, म्हणून पाणी रोज बदलायचं. डॉक्टरांनी एकदा फोन केला, तुमचा पेशंट दात घेऊन गेला का? मी म्हटलं, येईल.

आली ती त्याची बायको. दारात उभी राहून आधी सगळा कारखाना बघून घेतला, फळीवरचे जबडे, खिडकी, मग मला. मी बसा म्हटलं तर बसली नाही. दात द्या म्हणाली. ते पातळच खातात, मुलांसमोर जेवायला बसत नाहीत, असं किती दिवस चालायचं? मी डबी काढली, दात पुसून नव्या डबीत ठेवले. तार घासलीय, आता टोचणार नाही, असं सांगितलं.

"मी त्यांना सांगेन दुसरीकडून करून आणले," ती म्हणाली. "त्यांना ओळखू येतील. पण ते विचारणार नाहीत आणि मी बोलणार नाही. तुम्ही पण कधी कुणाला म्हणायचं नाही, हे दात मी केलेत म्हणून."

मी म्हटलं, नाही म्हणणार. तिने डबी पदराआड घेतली आणि निघाली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली की आता गाडी आली की ते दोन्ही हात तोंडावर धरतात. नालीत उभे असले तरी. घरात जेवायला बसलेले असले तरी.

ती गेली. वरून ब्रेकचा आवाज आला, कुठली तरी मालगाडी उतरत होती. ती फाट्यावर थांबली. मी हातातलं काम ठेवून उभी राहिले. लांब हॉर्न होऊन गाडी सुटेपर्यंत उभी होते, आणि तेवढ्या वेळात किती फोन करता आले असते ते मला कळत होतं.